दोन टाक्यांचा डोळा

१

‘लेडी मार्जरी’ सोमवारी दुपारी दोन वाजता ग्रिम्सबीच्या गोदीत परत आली, आणि धक्क्यावरच्या बायका हातातलं काम टाकून उठल्या. दहा दिवसांसाठी गेलेली बोट आठ तासांत परत येते, तीही झेंडा अर्ध्यावर उतरवून! अशा वेळी कोणी कोणाला विचारत नाही. ज्या त्या बाईने आपला माणूस शोधायचा.

केझाया बोरिलने डेकवरची माणसं मोजली. दहा. पुन्हा मोजली. दहाच. सकाळी अकरा जण गेले होते.

नव्हता तो विल्फ डॅनट. तिचा जावई.

बोटीच्या यंत्रावरचा जेथ्रो मम्बी फळीवरून खाली आला. बासष्ट वर्षांच्या केझायाशी बोलताना तो एरवी एखादा टोमणा मारल्याशिवाय राहत नसे. आज टोपी काढून उभा राहिला.

“सुरुंग?” केझायाने विचारलं.

“नाही मावशी. सुरुंग आम्ही दोन कापले, वर आले, बंदुकीने फोडले. सगळं यथासांग झालं.” त्याने हातातली टोपी मुरगाळली. “तारेने गेला गं तो.”

गेल्या सप्टेंबरात लढाई लागली आणि गावातल्या निम्म्या मासेमारी बोटी सुरुंग झाडायला नेव्हीने नेल्या. काम जुन्याच हातांचं, फक्त जाळ्याच्या जागी तार. बोटीमागे लांबलचक करवती तार सोडायची. तिच्या टोकाला ऑटर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची चौकट, जी तारेला बाजूला खेचून धरते. आणि वर एक तरंगा, तार कुठवर गेली ते दाखवायला. तळाला साखळीने बांधलेला सुरुंग त्या तारेत आला की साखळी कापली जाते.

“परत ओढून घेत होतो,” जेथ्रो म्हणाला. “ऑटर कठड्याशी आला, सगळा भार तारेवर. विल्फ आकडा घेऊन पुढे झाला, आणि तारेचा डोळा उलगडला. तार चाबकासारखी आत आली, मावशी. त्याला ओरडायलाही सवड मिळाली नाही.”

केझायाला पुढचं ऐकूच आलं नाही. डोळा उलगडला! तारेचं टोक वळवून, त्याचे पदर परत तारेतच पाच वेळा ओवून जो फासा करतात तो डोळा. गोदीतला एकूण एक डोळा तिच्या माळ्यावर गुंफला जाई. तिच्या, तिच्या लेकीच्या आणि तिच्या सुनेच्या हातांनी. चाळीस वर्षांत बोरिलांचा एक डोळा उलगडला नव्हता, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी कोणाला तरी ऐकवत असे.

“मिसेस बोरिल?” मागून नेव्हीचा लेफ्टनंट हॅलम आला. कोवळा पोरगा, लढाईआधी कुठेतरी गणित शिकवत होता. हातात माळ्यावरची पाटी. “त्या तारेपुढे आपल्या सुनेचं नाव आहे. आयव्ही बोरिल. मी तिला ताब्यात घेतलंय.”

२

पण आधी लेकीकडे जायला हवं होतं.

डॉर्कसच्या घरी केझाया नेहमीसारखी मागच्या गल्लीतून गेली. परसात दोरीवर धुणं लटकलं होतं, थंडीने फळीसारखं कडक झालेलं. विल्फचा निळा सदरा दोन्ही हात पसरून उभा होता. केझायाने त्याला वळसा घातला आणि ती आत गेली.

शेजारीण मिसेस स्टॅम्प आधीच बातमी घेऊन पोचली होती. वाईट बातमी पोचवायला त्या बाईला कधी जोडे घालावे लागले नाहीत. चुलीवर मांसाचं पुडिंग शिजून शिजून करपायला आलं होतं. टेबलावर दोन ताटं मांडलेली. डॉर्कस एका ताटासमोर बसली होती. रडत नव्हती. बत्तीस वर्षांची बाई, एका दुपारीत पन्नाशीची दिसू लागली होती.

“पोरी,” केझाया म्हणाली.

डॉर्कसने वर पाहिलं. “आई, धुणं आत घे.”

“राहू दे धुणं.”

“आत घे ना गं धुणं!” ती किंचाळली.

“डोकं फिरलंय बिचारीचं,” मिसेस स्टॅम्प कुजबुजली.

“तुमचं थाऱ्यावर आहे ना? मग चहा टाका,” केझाया म्हणाली आणि तिने लेकीचं डोकं पोटाशी धरलं.

तासाभराने ती गोदीच्या कोठारात गेली. मागच्या खोलीत आयव्ही खुर्चीत बसली होती, पांढरीफटक. डाव्या हाताच्या बोटाला मोठं बँडेज. ही केझायाच्या धाकट्याची बायको. गेल्या वर्षी लग्न होऊन आली, तीही नदीपलीकडच्या हल बंदराहून. हलचं माणूस आणि ग्रिम्सबीचं माणूस एका पाण्यावर जगतात, पण एकमेकांचं तोंड पाहायला राजी नसतात. केझायाने तिला तार ओवायला शिकवली होती. सगळं शिकवलं, एक शेवट सोडून.

तो शेवट असा: टाके झाले की त्यांवर डांबरी सुतळी घट्ट गुंडाळायची, आणि तिचं टोक शेवटच्या तीन वेढ्यांखालून मागे घालून पुन्हा एका वेढ्यावरून आडवं घ्यायचं. केझायाच्या आईचा हा हात. मजबुतीला त्याने फार फरक पडत नाही. ती घराण्याची सही. परक्या मुलखातल्या पोरीला सही कशी द्यायची? आयव्ही आपली साधी गाठ मारी.

“तू केलास तो डोळा?”

आयव्हीने मान खाली घातली. “माझं नाव आहे ना पाटीवर.”

“मी पाटीला नाही विचारलं.”

आयव्हीने बँडेजचं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. तिच्या गालांवरून आसवं ओघळत राहिली.

“उद्या बारा वाजता मोठे साहेब येतील,” दारातून हॅलम म्हणाला. “हयगय असेल तर तुरुंग. मुद्दाम असेल तर...” त्याने वाक्य पुरं केलं नाही. लढाईच्या दिवसांत ते पुरं करायची गरज नसते.

३

मंगळवारी सकाळी आठला केझाया ‘लेडी मार्जरी’च्या डेकवर होती. बायकांनी बोटीवर पाय ठेवू नये म्हणतात. ती म्हणाली, अपशकुन होऊन गेलाय, आता दुसरा काय व्हायचा.

“काय बघायचंय आपल्याला?” हॅलमने विचारलं. रात्रभर झोपला नसावा. “तार आहे, पण डोळाच उरला नाही. आणि ऑटर तर डुकराबरोबर वाहून गेला...”

जेथ्रोने झडप घालून यंत्राचं थंड लोखंड धरलं. केझायानेही लोखंडी कठडा पकडला.

“काय झालं?”

“साहेब, तो शब्द बोटीवर नाही काढायचा!” जेथ्रो कळवळला. “मेलं तरी नाही. निघालाच तर लोखंडाला हात लावायचा.”

“पण नेव्हीत तरंग्याला म्हणतातच डु...”

“तुमच्या नेव्हीत म्हणा काय ते,” केझाया कडाडली. “इथे मिठाईच्या दुकानातसुद्धा त्या जनावराच्या आकाराची गोळी कोणी नाव घेऊन मागत नाही. पटो न पटो, पाळायचं. आमची माणसं रीत पाळून पाण्यात जातात. बाकी त्यांच्या हातात असतंच काय?” मग जरा खालच्या आवाजात, “तार दाखवा.”

तारेचं टोक फिस्कारलेल्या झाडूसारखं पडलं होतं, सहा पदर सहा दिशांना. केझायाने एकेक पदर बोटांतून ओढला. अक्षर तिला नावापुरतंच येत होतं, पण तार ती वाचत असे.

“साहेब, तुम्ही गणिताचे ना? मोजा. या पदराला वाक किती?”

हॅलम वाकला. “दोन.”

“याला?”

“दोनच.”

“तारेला आठवण असते. जिथे जिथे ओवली, तिथे तिथे ती वाकडी राहते, मग बाहेर ओढली तरी. पाच टाके घातले असते तर पाच वाक दिसले असते. इथे दोन टाके आहेत, आणि पुढचे पदर सरळसोट.”

“म्हणजे आयव्हीने...”

“थांबा. वाक बघा कुठे कललाय. पदर उघडायला उजव्या हाताने टोचा घुसवला की पदर असा झुकतो. आयव्ही डावखुरी आहे. तिचं काम उलटं दिसतं, म्हणून मी तिला वर्षभर शिव्या घातल्यात. हे तिचं नाही.”

हॅलम ताठ झाला. “मग कोणीतरी मुद्दाम दोनच टाके घातले, आणि वरून सुतळी गुंडाळून झाकून टाकलं. हा घात आहे, मिसेस बोरिल! हेर...”

“हेर!” केझाया म्हणाली. “हेराला तार ओवता येते होय?” पण ओवता येणारे हात या गोदीत तिला एकूण एक ठाऊक होते.

४

पहिला हात कोठाराचा रखवालदार अमोस लेगट. एके काळी तोही तार ओवायचा. विल्फशी त्याचं उभं वैर, आणि केझायाशी तर चाळीस वर्षांचं; तिने त्याला नकार दिला होता तेव्हापासूनचं. तार शनिवार ते सोमवार त्याच्याच कुलपात होती.

“आलीस? ये,” अमोस म्हणाला. “चाळीस वर्षांत एकसुद्धा नाही, काय? आता म्हण बघू.”

“तुझी जीभ नंतर ऐकते. हात दाखव.”

अमोसने हसत दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताची बोटं संधिवाताने आकडी झाली होती. “चहाचा कप धरवत नाही मला, केझाया. तार कसली ओवतोय! आणि विल्फशी भांडण होतं, पण माणूस होता तो. मी त्याच्यासाठी काल रडलो. तुला सांगायला लाज वाटते, पण रडलो.”

केझायाला त्याचं खरं वाटलं. ते तिला आवडलं नाही.

“शनिवारी तार कोणी आणून दिली?”

“तुझ्याच घरातल्या बाईने. चार वाजता, हातगाडीवर. मी चष्म्याशिवाय होतो, तोंड काही पाहिलं नाही. तुम्ही सगळ्या रुमाल बांधून आलात की सारख्याच. तू कुठे होतीस?”

ती पलीकडच्या गोदीवर जुने तरंगे तपासत होती. सबंध दुपार.

दाराशी जेथ्रो खोळंबला होता. “मावशी, एक गोष्ट. काल रात्री कप्पीला तेल घालताना हे अडकलेलं सापडलं. कचरा म्हणून टाकणार होतो, पण म्हटलं आधी तुला दाखवावं.”

त्याच्या तळहातावर डांबरी सुतळीचं वेटोळं होतं, बोटभर. तारेवरून निसटून, दाबलं जाऊन कप्पीत घट्ट बसलेलं.

केझायाने ते उजेडात धरलं. टोक शेवटच्या तीन वेढ्यांखालून मागे गेलं होतं. आणि पुन्हा एका वेढ्यावरून आडवं आलं होतं.

“काय आहे?” जेथ्रोने विचारलं.

“कचरा,” ती म्हणाली आणि वेटोळं एप्रनच्या खिशात घातलं. हा हात येणारी माणसं जगात तीन झाली. एक तिची आई, ती कबरीत. दुसरी ती स्वतः.

गोदीच्या घड्याळात दहा वाजले.

५

ती मागच्या गल्लीतून चालली होती आणि मनाशी भांडत होती. सुतळी जुनी असेल. दुसऱ्याच तारेची असेल. डॉर्कस विल्फवर जीव टाकायची. त्याची बोट गेल्या नोव्हेंबरात त्याच्या पायाखालून बुडाली, दुसरी डिसेंबरात. दोन्ही वेळा तो ओलाचिंब दारात उभा राहिला आणि हिने त्याला लहान पोरासारखा पुसला. ती त्याचा घात करील? कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलंय, पण हे कुंपण तर शेतासाठीच जळत होतं.

परसात धुणं तसंच होतं. मेलेल्या माणसाच्या कपड्याला हात लावायला शेजारीपाजारी धजले नव्हते. केझायाने सदऱ्याचा चिमटा काढायला हात वर केला.

आणि हात वरच राहिला.

काल सोमवार. काल विल्फची बोट सुटली.

ग्रिम्सबीत ज्या दिवशी घरचा माणूस समुद्रावर जातो त्या दिवशी घरात रुमालसुद्धा भिजत नाही. धुणं धुतलं तर माणूस धुऊन जातो. आळशी बाई पाळते, देव न मानणारी पाळते. केझायाची आई तर त्या दिवशी भांडीही घासत नसे. डॉर्कसने बारा वर्षांच्या संसारात एकदाही हे मोडलं नव्हतं.

“मीपण चकित झाले,” भिंतीपलीकडून मिसेस स्टॅम्प म्हणाली. “सहाच्या आत दोरी भरली होती हो तिने! बोट अजून गोदीतून बाहेर पडायची होती. मला वाटलं, विल्फ रजेवर आहे.”

सहाच्या आत धुणं. दुपारी दोन ताटं. दहा दिवसांसाठी गेलेल्या माणसासाठी शिजत घातलेलं पुडिंग.

केझायाने सदरा दोरीवरून उतरवला. तो वाकेना. एखाद्या माणसाला आणावं तसा तो उभाच्या उभा धरून ती स्वयंपाकघरात शिरली.

६

डॉर्कस तिथेच, त्याच खुर्चीत होती. केझायाने सदरा चुलीसमोरच्या खुर्चीला टेकून ठेवला. तो हात पसरून बसला. मग तिने खिशातून सुतळीचं वेटोळं काढलं आणि लेकीच्या पुढ्यात ठेवलं.

डॉर्कसने त्याच्या टोकावरून बोट फिरवलं.

“तो जायचाच नव्हता तुझ्या लेखी,” केझाया म्हणाली. “म्हणून तू धुणं काढलंस.”

“दहापर्यंत घरी येणार होता.” डॉर्कसचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी होता. “तार पुरी सोडली आणि बोटीने वेग घेतला की डोळा निघणार. लांब, पाण्याखाली. ऑटर जाणार, तरंगा जाणार, कोणाला ओरखडासुद्धा नाही. बदली सामान यायला आठ दिवस. आठ दिवस तो माझ्या घरात, आई. तिसऱ्यांदा बुडणार होता तो. मला रोज दिसायचं.”

“दोन टाके.”

“आयव्हीचे टाके छाटून मी नवे दोनच घातले. दोन फार नाहीत ना गं? दोन तर लगेच सुटायला हवे होते.”

“मी शिकवलेले होते,” केझाया म्हणाली. “म्हणून सबंध सकाळ धरून राहिले.”

हे बोलल्यावर तिला स्वतःलाच ते कळलं.

“सुतळीचा शेवट तरी साधा करायचा, मूर्ख बाई.”

“हात आपोआप जातो.”

चुलीच्या उबेने सदऱ्यातून पाणी ठिबकू लागलं होतं. त्याची एक बाही हळूहळू मऊ झाली आणि धप्पकन खाली पडली. डॉर्कस दचकली. मग दुसरी पडली. तेव्हा ती रडली. कालपासून पहिल्यांदा, घसा फाटेल इतकी.

“मी धुतलं म्हणून गेला तो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “मी धुतलं म्हणून.”

“धुण्याने नाही.” केझायाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आईला असं बोलावं लागू नये, पण दुसरं कोण बोलणार होतं? “धुण्यावर नको ढकलूस. आणि आयव्हीवरही नाही. ती पोर काल दुपारपासून कुलपात आहे. साडेदहा झालेत. तू आपल्या पायांनी आलीस तर मी तुझ्या शेजारून चालेन. नाही आलीस, तर मी एकटी जाईन. पण जाईन.”

डॉर्कसने डोळे पुसले. उठली. चुलीवरचं करपलेलं पुडिंग खाली उतरवून ठेवलं आणि खुंटीवरची शाल घेतली.

७

हॅलमने सगळं ऐकून घेतलं. लिहिता लिहिता त्याची पेन्सिल दोनदा थांबली.

“पण सोमवारी सगळ्याच इंग्लंडात बायका धुणं धुतात,” तो शेवटी म्हणाला. “हा काय पुरावा झाला?”

“इंग्लंडाचं मला माहीत नाही, साहेब. इथे तो पुरावा आहे.”

“आणि हा सुतळीचा हात... तो तुम्हालाही येतो. मिसेस बोरिल, तुम्ही म्हणाला असतात की डोळा माझाच, म्हातारपणी चुकला, तर...” पोरगा मायाळू होता. डोळ्यांनी जवळजवळ विनवत होता.

केझायाला वाटेत तेच सुचलं होतं. शंभर पावलं ती त्यावर चालली होती.

“तर पुढच्या बोटीवरचा माणूस माझ्या तारेवर भरवसा कसा ठेवील?” ती म्हणाली. “तार खोटं बोलत नाही. मग मी कशी बोलू? लेक माझी आहे. हात माझाच आहे, मी शिकवलेला. लिहा तसं.”

डॉर्कसला न्यायला दोन शिपाई आले. ती दाराशी आयव्हीपुढे थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आयव्हीने पुढे होऊन तिची शाल नीट केली. बोलायचं होतं ते त्यातच झालं. केझाया फाटकापर्यंत लेकीच्या शेजारून चालली. पुढे तिला जाऊ दिलं नाही.

परत आली तेव्हा आयव्ही माळ्यावर एकटीच उभी होती.

“बोट कापलं म्हणून तू अर्ध्यावर उठलीस, आणि तिने काम पुढे घेतलं. असंच ना?”

“हो, सासूबाई.”

“मग तोंड का शिवलं होतंस?”

“त्यांचा माणूस गोदीत झाकून ठेवलेला. त्यात मी नाव घेऊ? मला वाटलं, माझेच टाके ढिले असतील, त्यांनी भरवशावर पुढे गुंडाळलं असेल. आणि...” आयव्हीने हनुवटी वर केली, “हलच्या पोरीचं ऐकलं असतं तुम्ही?”

केझायाने बाह्या वर सारल्या.

खालून जेथ्रोची हाक आली. चारच्या भरतीला दुसरी बोट निघणार होती, तार अजून बिनडोळ्याची पडली होती, आणि माळ्यावर आता दोघीच उरल्या होत्या. केझायाने बाक ओढला, टोचा काढून सुनेच्या डाव्या हातात दिला.

“पाच टाके. मी मोजणार आहे.”

तिने मोजले. एक, दोन. दोनवर तिने टाका ओढून पाहिला. मग तीन, चार, पाच. आयव्हीने डांबरी सुतळी घट्ट गुंडाळत आणली आणि सवयीने साधी गाठ मारायला टोक उचललं.

“थांब,” केझाया म्हणाली आणि तिच्या हातावर हात ठेवला. “गाठ नाही. ते टोक शेवटच्या तीन वेढ्यांखालून मागे घे. डावखुरी आहेस, तर उलटीकडून. हं. आता एका वेढ्यावरून आडवं.”